रविवारच्या आत

"बाई, भैरूनं केलेलं याकोबला लागतं का?"

प्रश्न ऐकून प्रभावतीबाईंना आनंदच झाला. सहा महिने त्या या मुलांना धर्माची प्रश्नोत्तरी शिकवत होत्या, आणि भैरूने आपणहून तोंड उघडण्याची ही पहिलीच वेळ होती. तेरा वर्षांचा पोरगा. मागे भिंतीला टेकून बसायचा आणि नखांतला मळ काढत राहायचा.

एकोणीसशे एकोणऐंशीचा मार्च होता. भोसरीहून दिघीकडे जाणाऱ्या वाटेवर पत्र्याच्या छपराचं एक लहानसं चर्च होतं. त्याच्या ओसरीवर दर बुधवारी आणि शनिवारी हा वर्ग भरायचा. प्रभावती त्रिभुवन मूळच्या राहात्याकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्या आणि फादर पास्कोल यांच्या सांगण्यावरून मुलांना शिकवू लागल्या. यंदा वर्गात सात मुलं होती. त्यातली तिघं एकाच घरची, चिमाजी लोंढ्याची. भैरू, दहा वर्षांची जाई आणि सात वर्षांचा खंडू.

चिमाजीचा बाप्तिस्मा लहानपणीच नगर जिल्ह्यात झाला होता. पण फाउंड्रीत लागल्यापासून तो चर्चची पायरी चढला नव्हता. पोरांना पाणी लावायचं राहिलं ते राहिलंच. त्याची बायको शालनबाई मात्र मागच्या वर्षी स्वतः बाप्तिस्मा घेऊन आली आणि तिने फादरांच्या मागे लकडा लावला, की आता माझ्या पोरांचं करा. मुलं जाणती झालेली, तेव्हा फादरांनी ठरवलं, तिन्ही संस्कार एकदमच द्यायचे. आधी पाणी, मग कपाळाला तेल, मग पहिला ख्रिस्तप्रसाद. ईस्टरच्या रविवारी सकाळच्या मिस्सेच्या उपासनेत. नवी नावंही ठरली. भैरूचं याकोब, जाईचं मार्था, खंडूचं लूक.

"नाही रे लागत," प्रभावतीबाई म्हणाल्या. "पाणी पडलं की मागचं सगळं धुऊन जातं. याकोब म्हणजे नवा माणूस."

"सगळं?"

"सगळं."

"आन् फादरला जाऊन सांगावं लागत न्हाई? ती मोठी पोरं सांगतात तसं?"

"त्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालाय, म्हणून त्यांना कबुली द्यावी लागते. तुम्हाला आत्ता नाही. तुमचं सगळं पाण्यानंच जाणार."

भैरूने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजी रविवारच्या आत केलं ते गेलं. नंतरचं धरणार."

"बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, चोरलेले पेरू असतील, नाहीतर भावंडांना घातलेले रट्टे. पुस्तकात याच्या पुढचाच धडा पश्चात्तापाचा होता. पण त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांची मापं घ्यायची होती, म्हणून तो धडा त्यांनी पुढे ढकलला.

लोंढ्यांची खोली दिघीच्या अगदी टोकाला होती. मागे खडीची एक जुनी बंद पडलेली खाण, आणि खाणीपलीकडे काटेरी तार. तारेच्या पल्याड लष्कराची हद्द. तिथे गोळाबारीचा सराव असला की टेकाडावर लाल बावटा चढायचा आणि दिवसभर धप्प धप्प आवाज येत राहायचे. नव्याने आलेली माणसं दचकायची. जुन्या बायकांचा भाकरी थापणारा हातसुद्धा थांबत नसे. फक्त फडताळातली भांडी किणकिणायची.

ईस्टरला आठवडा असताना, झावळ्यांच्या रविवारी मिस्सेनंतर मुद्दाम वर्ग भरवला आणि फादर पास्कोल स्वतः वर्गावर आले. वसईकडचे, उंच, हळू बोलणारे. त्यांनी पवित्र तेलाची कुपी मुलांना दाखवली आणि सांगितलं, "ह्या तेलानं मी तुमच्या कपाळावर क्रूस काढणार. ते लागलं की माणूस आतून घट्ट होतो."

खंडू म्हणाला, "दादा पण तेल लावतो. पण त्यानं घट्ट न्हाई, ढिलं व्हतं."

मुलं हसली. फादरही हसले. "कशाला लावतो रे दादा तेल?"

खंडूने भैरूकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. "रॉकेल हाय ते," एवढंच तो म्हणाला.

"सायकल असेल," प्रभावतीबाई म्हणाल्या. घरी जाताना वाटेत त्यांच्या मनात आलं, लोंढ्यांकडे सायकल नाहीये.

बुधवारी वर्गात त्यांनी तयारी करून घेतली. फादर विचारणार, तुम्ही सैतानाचा धिक्कार करता का? मुलांनी म्हणायचं, करतो. त्याच्या सर्व कृत्यांचा? करतो. सहा मुलांचे आवाज आले. जाईचा आला नाही. वर्गात तिचं पाठांतर सगळ्यांत चोख. पण आज ती मांडीवरच्या परकराच्या चुण्या पाडत बसली होती.

वर्ग सुटल्यावर ती रेंगाळली. "बाई, दुसऱ्यानं केलेलं आपल्याला ठावं असलं, तर आपल्यावर असतं का ते?"

"कुणी काय केलंय, जाई?"

"कुणी न्हाई."

"घरी काही झालंय का?"

"न्हाई." तिने मान खाली घातली. तेवढ्यात वाटेवरून भैरूने हाक मारली. ओरडला नाही, नुसतं नाव घेतलं. जाई चटकन उठली आणि गेली. तिच्या मनगटावर कुणीतरी घट्ट धरल्याचे चार व्रण होते.

त्या रात्री बाईंनी नवऱ्याला ते व्रण सांगितले. नवरा म्हणाला, पोरं आहेत, भांडतात. त्यांनाही ते पटलं, किंवा पटवून घ्यावंसं वाटलं. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला शालनबाई भेटल्या, तेव्हा बाईंनी विचारलंच.

"भैरूचं कसं चाललंय?"

"चांगलं हाय की. लई शहाणा झालाय म्हना ना," शालनबाई म्हणाल्या. "समद्यांच्या आधी उठतो. पन खोलीमागच्या सरपणाला कुनाला हात लावू देत न्हाई. म्हणतो, मीच देतो काढून. पोरगं कामाला लागलं, बाई, तुमच्या शिकवणीनं."

शनिवार उजाडला तो तापलेलाच. सकाळी दहाला शेवटची तालीम होती. शालनबाई चर्चची फरशी पुसत होत्या. चिमाजी पहिल्या शिफ्टला गेला होता. सहा मुलं ओळीने उभी राहिली. भैरूची जागा रिकामी.

"दादा कुठाय?" बाईंनी विचारलं.

"येतो म्हनला," खंडू म्हणाला. "आजच उरकायचंय त्याला. उद्यापास्नं चालत न्हाई."

"काय चालत नाही?"

खंडूने जाईकडे बघितलं.  बाईंनी तिला हाताला धरून ओसरीच्या कोपऱ्यात नेलं.

"जाई, बोल."

"शपथ घातलीय त्यानं. तुमी दिलेल्या क्रूसावर हात ठेवून."

"ती शपथ मी मोडते. माझ्यावर घाल ती. बोल."

मग जाई एका दमात बोलली. भैरू तारेखालून पलीकडे जायचा, मोठ्या पोरांबरोबर. फुटलेल्या गोळ्यांचं पितळ वेचायला. महिन्यापूर्वी त्याला अख्खा, न फुटलेला गोळा सापडला. मोठी पोरं म्हणाली, टाकून दे. त्याने नाही टाकला. सरपणाखाली लपवला, चुलीच्या भिंतीला लागून. भंगारवाला म्हणाला, तोंड काढून आण, मग बघू. तोंड फिरेना, म्हणून तो रोज आट्यांत रॉकेल सोडायचा. आज बापाच्या पेटीतला पान्हा आणि छन्नी घेऊन तो खाणीत गेला होता.

"मी म्हनलं, पाप हाय, दादा. तो म्हनला, बाईंनीच सांगितलंय, रविवारच्या आत केलेलं समदं धुऊन जातं. नंतर केलं तर मग याकोबाच्या नावावर पडंल."

प्रभावतीबाई चर्चच्या दाराकडे धावल्या.  मग त्यांनी "शालनबाई" अशी हाक मारली, आणि त्या हाकेनेच शालनबाईंना काय ते कळलं असावं. हातातलं फडकं तसंच घेऊन त्या धावत बाहेर आल्या.

मैलभर वाट होती. बाईंनी चपला काढून टाकल्या. जाई पुढे पळत होती. तापलेली धूळ तळव्यांना चटके देत होती. शालनबाई पळता पळता एकच विचारत होत्या, "कुठं ठेवला व्हता? कुठं ठेवला व्हता म्हनली?" आणि मग स्वतःच म्हणत होत्या, "मी तिथंच चूल पेटवली. रोज पेटवली."

खोल्या दिसू लागल्या तेव्हा आवाज झाला.

फार मोठा नव्हता. एरवी बायकांनी मानही वर केली नसती. एका दारात कुणी कुशाबाई म्हणून म्हातारी धान्य पाखडत होती, ती तशीच पाखडत राहिली. पण प्रभावतीबाईंनी टेकाडाकडे पाहिलं. तिथे बावटा नव्हता.

भैरू खाणीच्या तळाशी बसला होता. पडलेला नव्हता, बसलेला होता, एका दगडाला पाठ लावून. उजव्या हाताने त्याने डावा हात छातीशी धरला होता. त्या हातात धरण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. चेहऱ्याची डावी बाजू काळी आणि लाल झाली होती. गोळा चार हातांवर पडला होता, बिनतोंडाचा.

"आई," तो म्हणाला, "निघालं."

शालनबाईंनी हातातलं ओलं फडकं त्याच्या मनगटाला गुंडाळलं. प्रभावतीबाईंनी वरून आपल्या पदराची पट्टी फाडून करकचून बांधली. आवाज ऐकून चौकीवरचे जवान तारेपलीकडून आले. त्यांच्यातला एक सातारकडचा हवालदार खाली उतरला. त्याने गोळ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांना हाताने मागे सारलं.

"नुसतं टोपण उडालंय," तो म्हणाला. "खालची दारू तशीच हाय. ती पेटली असती तर तुमाला हितं उचलायला पोरगं सापडलं नसतं."

त्यांच्याच ट्रकमधून भैरूला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

दुपारी तीनच्या सुमाराला चिमाजी आला, तसाच, फाउंड्रीच्या काळ्या भुकटीने माखलेला. भैरूला आत घेतलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात मनगटापासून काढावा लागेल, डोळ्याचं सांगता येत नाही, रक्त फार गेलंय, आजची रात्र जड आहे. चिमाजीने बायकोकडून सगळं ऐकलं. मग तो बाकावर बसलेल्या प्रभावतीबाईंपुढे येऊन उभा राहिला.

"बाई, तुमी सांगितलं व्हतं त्याला? रविवारच्या आत कायबी केलं तर धुतलं जातं?"

"हो."

"असं सांगितलं?"

"हो. पुढचं सांगायचं राहिलं." त्यांना रडू येत होतं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही. इथे रडायचा हक्क आपला नाही, असं त्यांना वाटलं. "माझं चुकलं, चिमाजीराव."

चिमाजीने हात उचलला. मारतो की काय असं वाटलं. पण त्याने तो भिंतीवर ठेवला, आणि त्यावर कपाळ टेकून उभा राहिला. पांढऱ्या भिंतीवर त्याच्या पंजाचा काळा ठसा उमटला.

फादर पास्कोल संध्याकाळच्या आधी पोचले. भैरूला वॉर्डात आणलं होतं. तो अर्धवट शुद्धीत होता. फादरांनी शालनबाईंना बाजूला घेतलं.

"अशा वेळी मी त्याला तिन्ही संस्कार आत्ता देऊ शकतो."

"द्या," शालनबाई म्हणाल्या. मग त्यांना काहीतरी जाणवलं. "अशा वेळी म्हंजी?"

फादर म्हणाले, "आज पवित्र शनिवार आहे. आज मिस्सा नसते. आज ख्रिस्तप्रसाद फक्त... जो जाणार असतो, त्यालाच देता येतो."

"मग नगा देऊ."

"शालनबाई..."

"नगा देऊ, फादर. आज दिला तर तो जानारा ठरंल. पानी घाला. तेल आन् प्रसाद उद्या. तिघांना बरुबर."

"उद्यापर्यंत जर..."

"उद्या," शालनबाई म्हणाल्या.

फादरांनी मान हलवली. नर्सकडून स्टीलच्या तांब्यात पाणी मागून घेतलं. मग विचारलं, "धर्मपिता कुठे आहे?" ठरलेला माणूस चाकणच्या बाजूला कामावर होता, त्याला निरोपसुद्धा गेला नव्हता. आई-बापांना ही जबाबदारी घेऊन उभं राहता येत नाही.

 तेव्हा चिमाजी भिंतीपासून पुढे आला.

"ह्या बाई उभ्या राहतील."

प्रभावतीबाईंनी चमकून वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर माफी नव्हती.

"तिघांच्याबी," तो म्हणाला. "तुमी सांगितलं ना त्याला? मग आता जल्मभर तुमीच सांगा. पुढचं जे राहिलं ते. तुमाला सुटायचं न्हाई, बाई."

प्रभावतीबाई उठल्या. पलंगाच्या उजव्या बाजूला जाऊन त्यांनी भैरूच्या खांद्यावर हात ठेवला. फादरांनी प्रश्न विचारले तेव्हा भैरूचे ओठ हलले, आवाज बाईंनीच दिला. पाणी पट्ट्यांना लागू नये म्हणून ते थेंबाथेंबाने केसांवरून सोडलं. उशी भिजली. याकोब, असं फादर तीनदा म्हणाले.

त्या रात्री वॉर्डात फक्त एकाला थांबू देत होते. शालनबाई थांबल्या. प्रभावतीबाई जाईला आणि खंडूला आपल्या घरी घेऊन गेल्या. जाईने भाकरीला हात लावला नाही.

"मी बुधवारीच सांगायला पायजे व्हतं," ती म्हणाली.

"तू सांगितलंस. मला ऐकू आलं नाही."

"मला वाटलं, रविवारी जाईलच धुऊन."

 बाईंनी तिला जवळ ओढून घेतलं, पण पोरगी लाकडासारखी ताठच राहिली.

सकाळी चर्चमध्ये घंटा वाजल्या. उरलेल्या चार मुलांचे संस्कार झाले. प्रत्येक वेळी कुणी आत आलं की फादरांची नजर दाराकडे जायची. दवाखान्यातून काही निरोप आला नव्हता, आणि निरोप नसणं चांगलं की वाईट ते कुणाला कळत नव्हतं. मिस्सा आटोपताच ते प्रभावतीबाई, जाई आणि खंडूला घेऊन बसने निघाले. मुलांच्या अंगावर पांढरे कपडे होते. बसमधली माणसं कौतुकाने बघत होती.

वॉर्डाच्या दारात चिमाजी उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. फादरांना बघून तो बाजूला झाला आणि म्हणाला, "जागा हाय."

भैरूचा एकच डोळा उघडा होता. त्याने भावंडांचे पांढरे कपडे पाहिले, मग बाईंकडे पाहिलं.

"बाई, हात दुखतोय. बोटं दुखत्यात."

अजून कुणी त्याला सांगितलं नव्हतं. शालनबाईंनी तोंड फिरवलं. चिमाजी बाईंकडेच बघत होता. तेव्हा प्रभावतीबाई पलंगाशी वाकल्या.

"डावा हात गेला, बाळा. मनगटापासून काढावा लागला."

त्याने पट्ट्यांच्या गुंडाळीकडे मान वळवली. खंडू हुंदके द्यायला लागला.

"मग तेल कसं लावनार?" भैरूने विचारलं.

"तेल कपाळाला लावतात."

"आन् प्रसाद?"

"जिभेवर."

"मग चालतंय," भैरू म्हणाला. आणि तेवढं म्हणून झाल्यावर त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो मोठ्याने रडायला लागला, लहान मुलासारखा. कुणी त्याला गप्प केलं नाही.

तो शांत झाल्यावर फादरांनी जाईवर आणि खंडूवर पाणी घातलं, तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी. सैतानाचा धिक्कार करतेस का, असं विचारल्यावर जाई इतक्या मोठ्याने "करते" म्हणाली की पलीकडच्या खाटांवरची माणसं उठून बसली. मग तिघांच्या कपाळावर तेल. भैरूच्या कपाळाला पट्टीमुळे बोटभरच जागा होती, तिथे फादरांनी अंगठ्याने लहानसा क्रूस काढला. मग प्रसाद. भैरूला कणभरच दिला, घोटभर पाण्याबरोबर. तो गिळताना शालनबाईंनी स्वतःचा घसा धरला होता.

भैरू वाचला. डोळा वाचला नाही. दोन महिन्यांनी तो घरी आला. चिमाजीने प्रभावतीबाईंना बोललेला शब्द खरा केला. दर रविवारी तिन्ही पोरांना तो त्यांच्या दारात आणून सोडायचा, आत यायचा नाही, आणि दोन तासांनी न्यायला यायचा. बाईंनी राहिलेला धडा शिकवला. तो शिकवताना भैरू त्यांच्याकडे एका डोळ्याने बघत राहायचा, आणि त्या नजरेत राग होता की नाही, हे त्यांना कधी ठरवता आलं नाही.

आठवड्याच्या दिवसांत त्या आणखी एक काम करू लागल्या. दुपारी शाळा सुटायच्या वेळेला खाणीमागे, तारेला भगदाड पडलं होतं तिथे जाऊन उभ्या राहायच्या. पोती घेऊन पोरं यायची. बाई त्यांना नावाने हाका मारून परत पाठवायच्या. कुणी निमूट जायचं, कुणी शिव्या देऊन. काही दिवसांनी जाईही त्यांच्याबरोबर येऊन उभी राहू लागली.

ऑगस्टच्या सुमाराला पोरं यायची कमी झाली. मग एक आठवडा कुणीच आलं नाही. बाईंना हायसं वाटलं. त्या जाईला म्हणाल्या, "बघ, सुटला पोरांचा नाद."

जाईने मान हलवली. ती ओढ्याच्या अंगाला, दूरच्या बाभळींकडे बघत होती.

"तिकडं नवं भोक पाडलंय, बाई," ती म्हणाली. "कालच बघितलं मी."

दोघी तिकडे चालू लागल्या. टेकाडावर बावटा चढवलेला होता.